धार्मिक वृंदगानाच्या मुद्रित आवृत्त्या, जर्मन व लॅटिन
ख्रिस्ती उपासनेसाठी किंवा ख्रिस्ती धार्मिक आशयावर लॅटिन अथवा जर्मन भाषेत रचलेल्या वृंदगानांच्या स्वरलेखनबद्ध मुद्रित प्रती. मास, मोटेट, रेक्विएम, स्तोत्रगीत, कोराल, कँटाटा, पॅशन इ. रचनाप्रकारांचा त्यांत समावेश होतो. मासच्या नित्यपाठाची भाषा लॅटिन असून त्यातील ‘किरिए’ हा आरंभीचा भाग तेवढा ग्रीक आहे. जर्मन वृंदगानाचा शब्दाधार मुख्यतः मार्टिन ल्यूथरकृत बायबलचे भाषांतर व प्रॉटेस्टंट पंथाची भजने हा होय. ह्या दोन्ही परंपरांतील रचना आज जगभर गायिल्या जातात, त्या रचनाकाराच्या हस्तलिखितावरून नव्हे, तर संपादकाने सिद्ध केलेल्या छापील प्रतीवरून. गायकाच्या हाती येणाऱ्या पृष्ठावरील अनेक गोष्टी रचनाकाराने लिहिलेल्या नसतात. त्या कोणी, कशाच्या आधारे घातल्या, हा ह्या आवृत्त्यांच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

मूळ साधनांचे स्वरूप : पंधराव्या-सोळाव्या शतकांतील बहुस्वरी रचना दोन प्रकारांनी लिहिल्या जात. मोठ्या आकाराच्या ग्रंथात समोरासमोरच्या दोन पृष्ठांवर सर्व आवाज वेगवेगळ्या चौकटींत लिहून तो ग्रंथ उंच घडवंचीवर ठेवीत व सर्व गायक त्याच्याभोवती उभे राहून गात. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक आवाजाची स्वतंत्र पुस्तिका असे. दोन्ही प्रकारांत सर्व आवाज एकाखाली एक मांडलेले नसत आणि मात्राखंड दाखविणाऱ्या उभ्या रेघाही नसत. एखादी पुस्तिका हरवली, तर रचनेतील एक आवाज कायमचा नाहीसा होई. अशा पांगळ्या झालेल्या अनेक रचना युरोपीय ग्रंथालयांत आहेत.

ह्या लेखनात बऱ्याच गोष्टी गायकाच्या जाणकारीवर सोपविलेल्या असत. कोणता स्वर कोमल वा तीव्र करावयाचा, हे पुष्कळदा लिहिले जात नसे. गायक ते परंपरेने जाणत. शब्द स्वरांच्या खाली ढोबळमानाने लिहिलेले असत आणि ओळ पुन्हा म्हणावयाची असल्यास तेथे पुनरुक्तीची खूण तेवढी केलेली असे. कोणते अक्षर कोणत्या स्वरावर म्हणावयाचे, हे गायकाने ठरवावयाचे. लय, आवाजाचा लहानमोठेपणा ह्यांविषयीच्या सूचना जवळजवळ नसतच. ज्या गायकांसाठी हे लेखन होते, त्यांना ते पुरेसे होते. परंपरा खंडित झाल्यावर मात्र ह्या रिकाम्या जागा भरण्याचे काम संपादकाकडे आले.

मुद्रणाचा आरंभ : बहुस्वरी संगीत सुट्या खिळ्यांनी छापण्याचे पहिले मोठे यश व्हेनिस येथील मुद्रक ओत्ताव्यानो पेत्रूत्ची ह्याला लाभले. त्याचा पहिला संग्रह १५०१ मध्ये निघाला. १५०२ मध्ये त्याने लॅटिन मोटेटांचा एक संग्रह आणि जोस्कँ दे प्रे ह्याच्या मासरचनांचे पुस्तक प्रसिद्ध केले. पंचरेषा, स्वरचिन्हे व शब्द वेगवेगळ्या वेळी छापावयाचे असल्याने एकच कागद दोन वा तीन वेळा यंत्राखाली घालावा लागे. छपाई देखणी होई. पण खर्च फार येई. पंचरेषेचा तुकडा व स्वर एकाच खिळ्यात ओतून एकाच दाबात छापण्याची पद्धत पॅरिसच्या प्येर आतेंयां ह्याने १५२८ च्या सुमारास रूढ केली. रेघा जागोजाग तुटक दिसत. तथापि प्रती स्वस्त झाल्या आणि हीच पद्धत युरोपभर पसरली.

जर्मन भाषेतील धार्मिक वृंदगानाला मुद्रणाचे साहाय्य धर्मसुधारणेच्या आंदोलनातून मिळाले. योहान व्हाल्टर ह्याचा भजनसंग्रह १५२४ मध्ये व्हिटेनबेर्क येथे ल्यूथरच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. आवाजवार पुस्तिकांच्या रूपात निघालेल्या ह्या संग्रहात ३८ जर्मन व ५ लॅटिन रचना होत्या. ल्यूथरपंथीयांनी लॅटिनचा त्याग केला, हा समज बरोबर नाही, हे ह्यावरून दिसते. लॅटिन शाळांतील विद्यार्थी दोन्ही भाषांत गात. लाइपसिकच्या सेंट टॉमस चर्चमध्ये संगीतप्रमुख राहिलेला ग्येऑर्ग राउ ह्याने पुढे व्हिटेनबेर्क येथे मुद्रणालय चालवून शाळा व चर्च ह्यांसाठी दोन्ही भाषांतील रचनांची मोठी मालिका छापली. त्याच्या १५४४ मधील जर्मन संग्रहात १२३ रचना आहेत. कॅथलिक बाजूला ओर्लांदो दी लास्सो ह्याच्या ५१६ लॅटिन मोटेटांचा संग्रह त्याच्या मुलांनी १६०४ मध्ये म्यूनिक येथे प्रसिद्ध केला.

हाइन्रिख श्यूट्स (१५८५–१६७२) ह्याच्या प्रकाशनांवर तीस वर्षांच्या युद्धाची (१६१८–४८) छाया स्पष्ट दिसते. त्याचा १६१९ चा ‘डेव्हिडची स्तोत्रे’ हा संग्रह अनेक गायकवृंद व वाद्ये ह्यांसाठी आहे. १६३६ व १६३९ मध्ये निघालेल्या ‘लहान धार्मिक कॉन्सर्ट’ ह्या संग्रहांत मात्र एक ते पाच आवाज व साथीचे मंद्र वाद्य एवढीच योजना आहे. युद्धामुळे गायकवृंद मोडले होते आणि मोठ्या रचना गाण्यास माणसेच उरली नव्हती. युद्ध संपले त्या वर्षी, १६४८ मध्ये, त्याने ‘धार्मिक वृंदसंगीत’ हा संग्रह लाइपसिक नगराला व तेथील गायकवृंदाला अर्पण केला.

बाखचे हस्तलिखित धन : योहान झेबास्टिआन बाख (१६८५–१७५०) ह्याच्या हयातीत त्याच्या धार्मिक वृंदरचनांपैकी फारच थोड्या छापल्या गेल्या. म्यूलहाउझेन नगरसभेच्या समारंभासाठी १७०८ मध्ये रचलेला कँटाटा हा त्यांतला ठळक अपवाद. लाइपसिक येथे दर आठवड्यास लिहिलेल्या कँटाटांच्या हस्तलिखितांची त्याच्या मृत्यूनंतर कुटुंबात वाटणी झाली. सुमारे दोनशे धार्मिक कँटाटा उरले, पुष्कळ नष्ट झाले. त्याच्या चार आवाजी कोरालांचा संग्रह त्याचा मुलगा कार्ल फिलिप इमान्युएल ह्याच्या देखरेखीखाली १७८४–८७ मध्ये ब्राइटकोप्फ ह्या लाइपसिकच्या प्रकाशनसंस्थेने काढला. त्यात ३७१ क्रमांक आहेत. पण मुळातील शब्द गाळलेले आहेत. रचना शिकणाऱ्यांसाठी तो आदर्श पाठ ठरला, परंतु मूळ भजनगीताचा अर्थ व स्वरयोजना ह्यांचा संबंध वाचकाच्या दृष्टीआड गेला. जर्मन मोटेट १८०२–०३ मध्ये छापले गेले. फेलिक्स मेंडेल्सझोन ह्याने १८२९ मध्ये बर्लिन येथे ‘मॅथ्यू पॅशन’चा प्रयोग केला आणि पुढच्याच वर्षी त्या रचनेची संहिता तेथे प्रसिद्ध झाली.

समग्र आवृत्त्यांचे युग : बाखच्या मृत्यूस शंभर वर्षे झाली त्या वर्षी, १८५० मध्ये, बाख-गेझेलशाफ्ट ही संस्था लाइपसिक येथे स्थापन झाली. तिने १८९९ पर्यंत ४६ खंडांत त्याच्या रचना प्रसिद्ध केल्या. प्रकाशक ब्राइटकोप्फ उंट हेर्टेल हे होते. पालेस्त्रीनाच्या लॅटिन रचनांचे ३३ खंड त्यांनीच १८६२–१९०७ ह्या काळात काढले, तर फिलिप श्पिट्टा ह्या संगीतेतिहासकाराने श्यूट्सच्या समग्र रचनांचे संपादन १८८५ पासून केले. त्यामुळे आवाजवार पुस्तिकांत विखुरलेले संगीत प्रथमच एकाखाली एक मांडलेल्या संहितेच्या, म्हणजे स्कोअरच्या, रूपात वाचता येऊ लागले. योहानेस ब्राम्स हा ह्या खंडांचा साक्षेपी वाचक होता. मोट्सार्टच्या समग्र आवृत्तीतील रेक्विएमचे संपादन (१८७७) त्याने स्वतः केले आणि आपले दोन मोटेट (कृतिक्रमांक ७४) श्पिट्टाला अर्पण केले. जुन्या आवृत्त्यांचा नव्या रचनांवर कसा परिणाम झाला, ह्याचे हे उत्तम उदाहरण होय.

ह्याच काळात कॅथलिक चर्चमध्ये शुद्ध उपासनासंगीताचा आग्रह धरणारी चळवळ रेगेन्सबुर्ग येथे उभी राहिली. कार्ल प्रोस्के ह्याने १८५३ पासून जुन्या लॅटिन रचनांची मालिका काढली; फ्रान्ट्स क्साव्हर व्हिट ह्याने १८६८ मध्ये सेसिलियासंघ स्थापिला. एकस्वरी ग्रेगोरियन गायनाच्या आवृत्त्यांवरून मात्र तीव्र वाद झाला. रेगेन्सबुर्गच्या प्रकाशकाला रोमची मान्यता होती. त्याची संहिता १६१४–१५ च्या रोमन आवृत्तीवर आधारलेली होती व तीत दीर्घ स्वरालंकार छाटलेले होते. फ्रान्समधील सोलेम मठातील भिक्षूंनी १८८९ पासून मध्ययुगीन हस्तलिखितांची छायाचित्रेच प्रसिद्ध करून ही छाटणी पुराव्यानिशी दाखवून दिली. १९०१ मध्ये रेगेन्सबुर्गचा विशेषाधिकार संपला, १९०३ मध्ये दहाव्या पायस पोपने प्राचीन परंपरेच्या पुनःस्थापनेचा आदेश काढला आणि १९०८ मध्ये व्हॅटिकनची नवी गायनसंहिता प्रसिद्ध झाली. छापील प्रतीचा अधिकार हस्तलिखितांच्या साक्षीने बदलला गेला, असे हे ठळक उदाहरण आहे.

संपादनाची कार्ये : आधुनिक संपादक प्रथम रचनाकाराचे स्वहस्तलिखित, त्याच्या देखरेखीखालील नकला, प्रयोगासाठी काढलेल्या आवाजवार प्रती व पहिले मुद्रण ही साधने गोळा करतो, त्यांचा परस्परसंबंध ठरवितो आणि पाठभेद नोंदवितो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमुळे ही पद्धती मराठी वाचकांस परिचित आहे. संगीतात एक अडचण अधिक असते : पाठ वाचावयाचा नसून गावयाचा असल्याने शंकास्थान मोकळे सोडून चालत नाही. टेनरच्या गायकाला तो स्वर कोमल की शुद्ध, हे त्या क्षणी ठाऊक असावेच लागते.

जुन्या स्वरचिन्हांची कालमूल्ये फार मोठी दिसतात; ती अर्धी वा पाव करून छापल्यास आजच्या गायकाला लय कळते, परंतु लय ठरविण्यात संपादकाचा हातही लागतो. सोप्रानो, आल्टो व टेनर ह्यांसाठी पूर्वी निरनिराळी स्वरस्थानदर्शक चिन्हे वापरीत. बाख-गेझेलशाफ्टने ती कायम ठेवली होती. नव्या आवृत्त्यांनी ती बदलून आजची परिचित चिन्हे घेतली. काही जुन्या रचना चिन्हांच्या विशिष्ट जुळणीमुळे लिहिल्यापेक्षा चार वा पाच स्वर खाली गावयाच्या असाव्यात, असे मानतात. त्या कोणत्या पट्टीत छापावयाच्या, हाही निर्णयाचाच भाग असतो. संपादकाने सुचविलेले कोमल-तीव्र स्वर पंचरेषेच्या वर लहान आकारात, त्याने घातलेले शब्द तिरप्या अक्षरांत आणि जोडरेघा तुटक छापण्याचा संकेत आता रूढ आहे. कोणता पाठ का स्वीकारला, ह्याचा हिशेब स्वतंत्र टीकावृत्तात दिला जातो. एकोणिसाव्या शतकातील अनेक व्यावहारिक आवृत्त्यांत असा भेद केलेला नसे. लय व आवाजाच्या चढउताराच्या सूचना मूळ पाठाच्याच टाइपात छापल्या जात आणि त्या रचनाकाराच्याच आहेत, असे गायकांच्या पिढ्यान्‌पिढ्या मानीत आल्या.

तीन उदाहरणे : मोट्सार्टचे रेक्विएम ५ डिसेंबर १७९१ रोजी त्याच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले. आरंभीचा खंडच त्याच्या हातून पूर्ण झाला होता. पुढील अनेक खंडांत गायनाचे आवाज, मंद्र पंक्ती व वाद्यांच्या काही सूचना एवढेच त्याने लिहिले होते. ‘लाक्रिमोझा’चे तर आरंभीचे आठच मात्राखंड त्याच्या हातचे आहेत. योझेफ आयब्लर ह्याने काही भाग भरला व फ्रान्ट्स क्साव्हर झ्यूसमायर ह्याने रचना पुरी केली. १८०० मधील पहिल्या छापील संहितेत हे दोन हात वेगळे दाखविलेले नव्हते. रचनेच्या अस्सलपणाविषयी १८२५ मध्ये जाहीर वाद पेटल्यावर योहान आंटोन आंद्रे ह्या प्रकाशकाने १८२७ च्या आवृत्तीत मोट्सार्ट व झ्यूसमायर ह्यांच्या नावांची आद्याक्षरे घालून दोघांचा वाटा दाखविला. नव्या मोट्सार्ट-आवृत्तीत लेओपोल्ट नोव्हाक ह्याने १९६५ मध्ये अपुरा मूळ पाठ एका भागात आणि आयब्लर व झ्यूसमायर ह्यांची पूर्ती दुसऱ्या भागात छापली. त्याच सुमारास बर्लिन येथे सापडलेल्या एका टिपणपत्रावर ‘आमेन’ ह्या शब्दावरील फ्यूगचा आराखडा होता. रिचर्ड माँडर व रॉबर्ट लेव्हिन ह्यांनी आपापल्या पूर्तींत त्याचा उपयोग केला आहे. त्यामुळे आज रेक्विएम गावयाचे म्हणजे आधी कोणती आवृत्ती घ्यावयाची, हे ठरवावे लागते.

बाखच्या बी मायनर मासचा प्रश्न वेगळा आहे. तिचे स्वहस्तलिखित उपलब्ध असून बर्लिनच्या ग्रंथालयात आहे; परंतु बाखच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलाने त्यावर दुरुस्त्या केल्या आहेत आणि शाईने कागद जागोजाग खाल्ला आहे. ही रचना १८३३ व १८४५ मध्ये दोन हप्त्यांनी छापली गेली. बाख-गेझेलशाफ्टला आपली पहिली आवृत्ती स्वहस्तलिखिताशिवाय सिद्ध करावी लागली व ते हाती आल्यावर सुधारित आवृत्ती काढावी लागली. विसाव्या शतकातील नव्या बाख-आवृत्तीत ही मास १९५४ मध्ये आली. तिच्या २०१० मधील सुधारित आवृत्तीसाठी क्ष-किरणांच्या साहाय्याने शाईतील धातूंचे पृथक्करण करून पित्याचा व पुत्राचा हात निराळा करण्याचा प्रयत्न झाला.

तिसरे उदाहरण ग्रेगोरिओ आल्लेग्री (१५८२–१६५२) ह्याच्या ‘मिझेरेरे’चे. सिस्टीन प्रार्थनामंदिरातील गायक ही साधी रचना परंपरागत अलंकारांनी सजवून गात. ते अलंकार मूळ संहितेत नव्हते. आज ह्या रचनेची ओळख बनलेला सोप्रानोचा अत्युच्च स्वर आल्लेग्रीचा नाही. मेंडेल्सझोनने १८३१ मध्ये रोम येथे वरच्या पट्टीत टिपून घेतलेला एक तुकडा १८८० च्या सुमारास एका इंग्रजी संगीतकोशात मूळ रचनेला जोडला गेला आणि पुढील लोकप्रिय आवृत्त्यांनी तोच पाठ उचलला, अशी त्याची उपपत्ती दिली जाते. चूक उघड झाली, तरी श्रोत्यांना ती प्रिय आहे. तेव्हा संपादकाने ती काढावी की इतिहासाचा भाग म्हणून राखावी, ह्याला एकच उत्तर नाही.

विसावे शतक व नंतर : बर्लिनच्या कला अकादमीने १८९५ पासून काढलेल्या मालिकेने ‘उरटेक्स्ट’ म्हणजे मूळ पाठ ही संज्ञा रूढ केली. संपादकाची भर वगळलेला पाठ, हा तिचा आशय होय. मात्र पाठांतून निवड करणे हेही संपादनच असल्याने ही संज्ञा सापेक्षच मानावी लागते. फ्रीड्रिख ब्लूमे ह्याने १९२९ पासून ‘दास कोरव्हेर्क’ ह्या मालिकेत जुन्या रचना गायकवृंदांना परवडतील अशा स्वतंत्र पुस्तिकांत आणल्या. दुसऱ्या महायुद्धात, डिसेंबर १९४३ च्या बाँबहल्ल्यात, लाइपसिकचा प्रकाशनविभाग उद्ध्वस्त झाला व ब्राइटकोप्फची वास्तू नष्ट झाली. बर्लिनच्या झिंगआकाडेमी ह्या गायनसंस्थेचा हस्तलिखितसंग्रह युद्धकाळात नाहीसा झाला. तो १९९९ मध्ये कीव्ह येथे आढळला आणि २००१ मध्ये परत आला. युद्धोत्तर काळात कासेल येथील बेरेनरायटर ह्या संस्थेने नव्या समग्र आवृत्त्यांची धुरा उचलली. नव्या बाख-आवृत्तीचे काम १९५४ ते २००७ पर्यंत गटिंगेन व लाइपसिक येथील संस्थांच्या सहकार्याने चालले. जर्मनीच्या फाळणीच्या काळातही ते खंडित झाले नाही. श्टुटगार्ट येथील कारुस ही १९७२ मध्ये स्थापन झालेली संस्था मुख्यतः धार्मिक वृंदगानासाठीच प्रसिद्ध आहे.

व्यवहारात एकाच रचनेच्या अनेक प्रकारच्या प्रती लागतात : संचालकासाठी संपूर्ण संहिता, वाद्यवादकांसाठी स्वतंत्र पंक्ती, गायकांसाठी वाद्यमेळ पियानोवर उतरविलेला गायनपाठ आणि केवळ आवाजांची लहान पुस्तिका. चाळीस गायकांच्या वृंदाला चाळीस प्रती घ्याव्या लागत असल्याने किंमत हा कळीचा मुद्दा ठरतो. जर्मन कायद्यानुसार हक्कमुक्त रचनेच्या शास्त्रीय आवृत्तीलाही २५ वर्षे संरक्षण असते व स्वरलेखनाच्या छायाप्रती काढण्यावर कडक निर्बंध आहेत. १९९८ मध्ये सुरू झालेल्या वृंदगानाच्या मुक्त संगणकीय संग्रहालयाने आणि २००६ पासूनच्या सर्वसाधारण स्वरलेखन-संग्रहाने हजारो हक्कमुक्त रचना विनामूल्य उपलब्ध करून दिल्या. त्यांत एकोणिसाव्या शतकातील समग्र आवृत्त्यांच्या प्रतिमा आहेत, तसेच हौशी अभ्यासकांनी नव्याने मांडलेले पाठही आहेत. त्यांचा दर्जा समान नसतो. कोणत्या साधनावरून पाठ घेतला, हे अनेकदा नमूद नसते आणि शंभर वर्षांपूर्वी दुरुस्त झालेली चूक पुन्हा प्रचारात येण्याचा संभव असतो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषांना वाव दिल्यानंतर लॅटिन वृंदगान चर्चमधून बरेचसे मैफलीत गेले. गोव्यात पोर्तुगीज अमदानीपासून चर्चशी संलग्न शाळांतून स्वरलेखन व लॅटिन गायन शिकविले जात असे. तेथील संगीतशिक्षकांनी रचलेले, उपवासकाळात गायिले जाणारे लॅटिन मोटेट प्रामुख्याने हस्तलिखित वह्यांतूनच टिकून राहिले. वही जीर्ण झाली वा हरवली, की रचनाही जाते. सोळाव्या शतकातील आवाजवार पुस्तिकांच्या बाबतीत जे घडले, तेच येथेही घडू शकते. म्हणून अशा वह्यांच्या प्रतिमा घेणे व त्यांचे साधार संपादन करणे अगत्याचे आहे.

उत्तम आवृत्ती गायकाला अडखळू देत नाही आणि कोणता शब्द वा स्वर रचनाकाराचा व कोणता संपादकाचा, हेही त्याच्यापासून लपवीत नाही. ह्या दोन गरजांचा मेळ प्रत्येक पिढीला नव्याने घालावा लागतो. त्यामुळे चार शतकांपूर्वीच्या रचनांच्याही नव्या आवृत्त्या आजतागायत निघत आहेत.